उन्हाच्या पिकाला भाव कोण देणार?



सध्या गावोगाव सौर ऊर्जेचा बोलबाला चालू आहे. कुठे सौर पंपाच्या अर्जाची गडबड, कुठे जमीन भाड्याने मागत फिरणारा दलाल, कुठे सबस्टेशनच्या शेजारी तारेचे कुंपण घालून चाललेले काम. देशाची ऊर्जा आता स्वच्छ होणार, पृथ्वीची तापमानवाढ थांबणार आणि जाता जाता शेतकऱ्याचेही कल्याण होणार, असे सांगितले जाते. आपले कल्याण करायला कोणी निघाला की आधी आपला खिसा चाचपून पाहावा, हे आपण ज्वारीच्या लेव्हीपासून आणि कापसाच्या एकाधिकारापासून शिकलो आहोत. म्हणून या वेळच्या जिल्हा बैठकीपुढे हा विषय ठेवला आहे.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. सौर ऊर्जेला आमचा विरोध नाही. कोळसा आज ना उद्या मागे पडणार आणि ऊन, वारा, काडीकचरा यांपासून वीज होणार, हे आता ठरल्यात जमा आहे. ते चांगलेच आहे. पाऊस लहरी झाला त्याचा पहिला फटका कोरडवाहू माणसालाच बसतो, त्यामुळे हवामान बिघडण्याची चिंता शहरातल्या परिसंवादांपेक्षा आपल्याला जास्त आहे. आमचा प्रश्न वेगळा आहे. हे ऊन पडते कुणाच्या वावरात? त्याची वीज झाली तर ती विकण्याचा हक्क कुणाचा? आणि तिचा भाव कोण ठरवणार?

राख इकडे, उजेड तिकडे

कोळशाच्या जमान्यात काय झाले ते आधी आठवू. चंद्रपूरचे औष्णिक वीज केंद्र २,९२० मेगावॉटचे. कोराडी आणि खापरखेडा नागपूरच्या उशाला. कोळसा वर्धा खोऱ्यातला, पाणी विदर्भातल्या नद्यांचे आणि धरणांचे, धूर आणि राख इथल्या पऱ्हाटीवर. आणि वीज? ती उंच मनोऱ्यांवरून आपल्या डोक्यावरून निघून गेली. त्याच मनोऱ्यांखाली राहणाऱ्या शेतकऱ्याला वर्षानुवर्षे आठवड्याचे पाळीपत्रक मिळाले. एक पाळी दिवसा आठ तास, दुसरी पाळी रात्री दहा तास. हरभऱ्याला पाणी द्यायला मध्यरात्री बॅटरी घेऊन वावरात जायचे, साप-विंचवाशी गाठ पडली तर ज्याचे त्याचे नशीब.

शरद जोशींनी 'इंडिया' आणि 'भारत' अशी जी फाळणी दाखवून दिली, तिचा इतका उघडा नकाशा दुसरा नाही. आंधळे दळत होते आणि कुत्रे पीठ खात होते. आता दळायचे जाते बदलणार आहे. पीठ कोण खाणार, हे अजून ठरायचे आहे. आज आपण बोललो नाही तर ते पुढच्या २५ वर्षांसाठी आपल्या पाठीमागे ठरून जाईल, कारण या धंद्यातले करार तेवढ्याच मुदतीचे असतात.

आडातच नाही

सरकारने शेतकऱ्यासाठी आजवर जे केले त्याचा हिशोब मांडू. जुलै २०२४ मध्ये राज्य सरकारने साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना मोफत वीज जाहीर केली, मुदत मार्च २०२९ पर्यंत. लाभार्थी सुमारे ४४ लाख पंपधारक. त्याच वर्षी 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजना सुरू झाली. शेतकऱ्याने दहा टक्के भरायचे, अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याने पाच टक्के, बाकीचे सरकार देणार. अडीच एकरापर्यंत तीन अश्वशक्तीचा पंप, पाच एकरापर्यंत पाचाचा, त्यापुढे साडेसाताचा.

ज्याच्याकडे पाणी आहे त्याला याचा उपयोग होतो, हे आम्ही नाकारत नाही. दिवसा पाणी देता येते आणि रात्रीचा जीवघेणा फेरा वाचतो. पण पंपाचा आकार एकरावरून ठरवण्याची अक्कल कुणाची? पाणी एकराच्या हिशोबाने वर येत नाही, ते खोलीच्या हिशोबाने येते. काळ्या पाषाणात खोल गेलेल्या बोअरवर दोन एकरवाल्याला तीनाचा पंप दिला तर तो उन्हातसुद्धा धापा टाकणार आणि आभाळ आले की बसून राहणार. जोडणीचे पैसे भरून अनेक वर्षे खांबाची वाट पाहणाऱ्यांना आता खांब विसरा, सौर पंप घ्या, असे सांगितले जाते. 'मागेल त्याला' या शब्दांत मागेल ते मिळेल असे कुठेच म्हटलेले नाही, हे लक्षात ठेवा.

हे झाले पाणीवाल्यांचे. आता आमच्यासारख्यांचे बघा. महाराष्ट्रात पेरणीखालच्या दर पाच एकरांतले साधारण चार एकर पावसावर आहेत. कपाशी, तूर, ज्वारी करणाऱ्या आमच्या बहुसंख्य भावांच्या वावरात विहीर नाही, असली तर जानेवारीत तिचा तळ दिसतो. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? ज्याला पंपच नाही त्याला मोफत विजेचा काय उपयोग आणि सौर पंपाचा तरी काय? शेतीच्या विजेसाठी सरकार जे हजारो कोटी खर्च करते त्यातला एक पैसाही विहीर नसलेल्या कोरडवाहू शेतकऱ्याच्या वावरात येत नाही. हे पैसे आम्हाला वाटा, असे आम्ही म्हणत नाही. आमच्याकडे जे आहे त्याचा बाजार आम्हाला मोकळा करून द्या, एवढेच म्हणतो.

आमच्याकडे काय आहे? ऊन आहे. ते पावसासारखे दगा देत नाही. दुष्काळाच्या वर्षी तर ते जास्तच पिकते. खत मागत नाही, पाणी मागत नाही, त्याला बोंडअळी लागत नाही. कोरडवाहू शेतकऱ्याच्या वावरात हमखास येणारे हे एकच पीक. आजवर ते काढायचे अवजार नव्हते, आता आले आहे.

जमीन द्या आणि गप्प बसा

मग सरकारने हे पीक कुणाला काढायला दिले? २०१७ मध्ये मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आली. राळेगणसिद्धी आणि यवतमाळ जिल्ह्यातले कोळंबी इथे पहिले प्रयोग झाले. २०२३ मध्ये तिची दुसरी आवृत्ती निघाली. सबस्टेशनच्या आसपास जमीन घ्यायची, कंपनीने निविदा भरून प्लेटा लावायच्या, त्या विजेवर शेतीचे फिडर दिवसा चालवायचे. खासगी जमिनीला हेक्टरी सव्वा लाख रुपये वार्षिक भाडे आणि दरवर्षी तीन टक्के वाढ. दिवसा वीज मिळण्याचा हेतू चांगला आहे आणि तो पुरा व्हायलाच हवा. पण पैशाचे गणित बघा.

हेक्टरी सव्वा लाख म्हणजे एकरी पन्नास हजार. कपाशीत एकरी पन्नास हजार निव्वळ उरल्याचे आपल्यापैकी किती जणांना आठवते? म्हणूनच हे भाडे ऐकून तोंडाला पाणी सुटते. ज्या देशात शेत पिकवण्यापेक्षा ते कुंपण घालून दुसऱ्याच्या हवाली करण्यात फायदा आहे, त्या देशाने कापसाच्या भावाचे काय करून ठेवले आहे, याचा याहून मोठा पुरावा कोणता हवा?

आता कुंपणाच्या आतला हिशोब. एका मेगावॉटला चार-पाच एकर जमीन लागते. चार एकर धरले तर भाडे झाले वर्षाला दोन लाख. तेवढ्या जागेत वर्षाकाठी साधारण १५ लाख युनिट वीज होते. तीन रुपयांच्या आसपासचा भाव धरला तरी ते होतात ४५ लाख. भांडवल कंपनीचे, कर्ज कंपनीचे, जोखीम कंपनीची, हे मान्य. तिने नफा कमवावा, नफ्याचा आम्हाला कधीच विटाळ नव्हता. पण ४५ लाखांच्या पिकात जमिनीच्या मालकाला दोन लाख, हा वाटा जुन्या काळच्या बटाईदारानेसुद्धा मान्य केला नसता. त्यात जमीन पाव शतक अडकली. पोरगा उद्या म्हणाला की बाबा, मला तिथे दुसरे काही करायचे आहे, तर बाबाच्या हातात कराराचा कागद.

ज्यांच्या जमिनी भाड्याने न घेता सरळ संपादनात गेल्या, त्यांची गोष्ट याहून वाईट. धुळे जिल्ह्यात विखरणच्या एका वृद्ध शेतकऱ्याची जमीन दोंडाईचाच्या वीज प्रकल्पासाठी गेली. मोबदल्यात अन्याय झाला म्हणून तो सरकारदरबारी खेटे घालत राहिला, आणि जानेवारी २०१८ मध्ये मंत्रालयाच्या दारात विष घेऊन त्याने जीव दिला. तो प्रकल्प सौर विजेचा होता. वीज स्वच्छ असली म्हणून तिच्यामागचा व्यवहार आपोआप स्वच्छ होत नाही.

आणि गायरानाचे काय? सरकारी जमीन या योजनेत नाममात्र भाड्याने देता येते. कागदावर 'पडीक' लिहिलेल्या त्या जमिनीवर गावाची गुरे चरतात, भूमिहीनाच्या शेळ्या जगतात. ज्वारीचा पेरा घटला तसा कडबा महाग झाला. त्यात गायरान कुंपणाआड गेले तर जनावर कशावर जगवायचे? ग्रामसभेला खरोखर विचारल्याशिवाय गायरानाला हात लावता कामा नये.

एकाधिकाराचा नवा अवतार

कोणी म्हणेल, भाडे नको असेल तर स्वतः प्लेटा लावा, कायदा तुम्हाला अडवत नाही. खरे आहे. २००३ च्या वीज कायद्याने वीज निर्माण करण्याला परवाना लागत नाही. २०१९ मध्ये मंजूर झालेल्या केंद्राच्या 'कुसुम' योजनेत तर शेतकऱ्यांनी सबस्टेशनपासून पाच किलोमीटरच्या आत अर्धा ते दोन मेगावॉटचे प्रकल्प उभारावेत अशी सोय केली होती, उद्दिष्ट १०,००० मेगावॉटचे. त्यातले फारच थोडे उभे राहिले. शेतकरी आळशी म्हणून? नाही. भाव परवडत नाही आणि बँक दारात उभी करत नाही म्हणून.

आपण छोटा हिशोब करू. विहीर नसलेल्या शेतकऱ्याने धुऱ्यालगतच्या दीड-दोन गुंठे मुरमाड जागेत दहा किलोवॉटच्या प्लेटा लावल्या. किलोवॉटला पन्नास हजार धरले तर खर्च पाच लाख. वर्षाला साधारण १५,००० युनिट वीज होईल. पाच लाखांचे कर्ज दहा टक्के व्याजाने, पंधरा वर्षांच्या मुदतीचे घेतले तर हप्ते वर्षाला ६५ हजारांच्या आसपास. वीज तीन रुपयांनी गेली तर हातात ४५ हजार. म्हणजे दरवर्षी घरातले वीस हजार घालायचे! सरकारने भांडवलात तीस टक्के भार उचलला तर हप्ता ४५ हजारांवर येतो आणि हिशोब जेमतेम बरोबरीत सुटतो. तीच वीज पाच रुपयांनी गेली तर अनुदानाशिवाय ७५ हजार येतात, हप्ता फिटून दहा हजार उरतात, आणि पंधरा वर्षांनी कर्ज संपले की प्लेटा आणखी दहा वर्षे पिकत राहतात.

तीन रुपयांत बुडतो आणि पाच रुपयांत तरतो. भावांनो, हे आपल्याला नवीन आहे का? कांद्यात, उसात, कापसात आपण हेच शिकलो. उत्पादन खर्च भरून निघेल असा भाव मिळाला तर शेतकरी कुणापुढे हात पसरत नाही. तो मिळाला नाही तर कितीही योजना आल्या तरी तो कर्जातच राहतो. उन्हाचे पीकही याला अपवाद नाही.

मग पाच रुपये देणारा कोणी नाही का? आहे ना, शेजारीच आहे. तालुक्याच्या गावचा जिनिंगवाला वीज कंपनीला युनिटमागे आठ रुपयांहून जास्त मोजतो. त्याचा रेचा चालतो नोव्हेंबर ते मार्च, म्हणजे ऐन स्वच्छ उन्हाच्या दिवसांत. त्याला सहा-साडेसहाला वीज पडली तरी तो खूश आणि आम्हाला पाच मिळाले तरी आम्ही खूश. जून २०२२ मध्ये केंद्राने नियम बदलून शंभर किलोवॉटच्या ग्राहकालाही थेट हरित वीज विकत घ्यायची मुभा दिली. आधी ही मर्यादा एक मेगावॉटची होती. मग सौदा का होत नाही?

कारण मध्ये नाका आहे. तारा वीज कंपनीच्या. तारा वापरण्याचे वहन आकार घ्यायला आमची हरकत नाही, रस्ता वापरला की टोल आलाच. पण त्यावर अधिभार लागतो, त्यातला एक 'क्रॉस सबसिडी' अधिभार. तो कशासाठी? तर मोठा ग्राहक निघून गेला की शेतकऱ्याला स्वस्त वीज देण्यासाठी पैसा कुठून आणायचा, म्हणून. म्हणजे वसुली शेतकऱ्याच्या नावाने! आणि जिथे वीज विकणारा शेतकरीच आहे तिथेही ती वसुली त्याच्याच सौद्यातून. याच २०२२ च्या नियमांत हरित हायड्रोजन आणि हरित अमोनिया करणाऱ्या कारखान्यांना हा अधिभार माफ केला आहे. बड्यांना माफी आणि ज्याच्या नावाने वसुली त्याला नाही.

एकाच खरेदीदाराला माल विकायची सक्ती म्हणजे काय, हे विदर्भ-मराठवाड्याला कुणी शिकवायला नको. १९७२ साली कापूस एकाधिकार खरेदी योजना आली आणि पुढची तीस वर्षे आम्ही ती भोगली. पिकवणारे आम्ही, प्रत ठरवणारे ते, भाव ठरवणारे ते, चुकारे कधी द्यायचे ते ठरवणारेही ते. शेजारच्या राज्यात दोन पैसे जास्त मिळतात म्हणून गाडी हद्दीपलीकडे नेली तर आम्ही गुन्हेगार. ती योजनाही शेतकऱ्याच्या भल्यासाठीच आली होती. आज विजेत तेच होऊ घातले आहे. पिकवायला मोकळीक, विकायला एकच दार, आणि दारावर भावाची पाटी आधीच लावलेली.

शेजारच्या गुजरातेत

आम्ही आभाळातल्या गोष्टी सांगत नाही. गुजरातमध्ये खेडा जिल्ह्यात धुंडी नावाचे गाव आहे. तिथे २०१५-१६ मध्ये सहा शेतकऱ्यांनी सौर पंपांची सहकारी मंडळी काढली. सहा पंपांच्या प्लेटा मिळून ५६ किलोवॉटच्या. त्यांनी पंप तारेला जोडले. पाणी द्यायचे तेव्हा पंप चालवायचा, नाही तेव्हा वीज वीज कंपनीला विकायची. कंपनीने युनिटला ४ रुपये ६३ पैसे दराने २५ वर्षांचा करार केला. बदल्यात शेतकऱ्यांनी सवलतीच्या वीजजोडणीवरचा हक्क तेवढ्या काळासाठी सोडला. प्लेटांचा बहुतेक खर्च एका संशोधन संस्थेने उचलला होता, हेही सांगितले पाहिजे. पण त्या प्रयोगाने एक गोष्ट सिद्ध केली. तुषार शाह आणि त्यांचे सहकारी जे मांडत होते, की वीज हे शेतकऱ्याचे भाव मिळवून देणारे पीक होऊ शकते, ते वावरात करून दाखवता येते.

यात पाण्याचाही फायदा आहे. वीज फुकट असली की पंप बंद करायचे कारण उरत नाही, विहीर आटेपर्यंत तो चालतो. वीज विकून पैसे येणार असतील तर शेतकरी विचार करतो की हे पाणी उपसू की वीज विकू. पाणी वाचवायचे उपदेश आजवर खूप झाले, भावाने जे काम होते ते उपदेशाने होत नाही.

२०१८ मध्ये गुजरात सरकारने 'सूर्यशक्ती किसान योजना' आणली. तीत पहिली सात वर्षे युनिटला सात रुपये, निम्मे वीज कंपनीचे आणि निम्मे सरकारचे, पुढची अठरा वर्षे साडेतीन रुपये, असा भाव ठरला. ती मोजक्या फिडरपुरतीच राहिली, पण शेतकऱ्याला सात रुपये देता येतात हे एका सरकारने कागदावर मान्य केले. जर्मनीने तर १९९१ मध्येच कायदा करून वीज कंपन्यांना अशी वीज विकत घेणे बंधनकारक केले आणि २००० च्या कायद्याने वीस वर्षांसाठी भाव बांधून दिला. तिथले शेतकरी आपल्या गोठ्याच्या छपरावरून वीज विकू लागले. त्यांना भावाची खात्री मिळाली म्हणून त्यांनी प्लेटा लावल्या. प्लेटा फुकट वाटाव्या लागल्या नाहीत.

आणि आपल्याकडे? पाच अश्वशक्तीच्या सौर पंपाला ४,८०० वॉटच्या प्लेटा असतात. स्वच्छ दिवशी त्या अठरा-एकोणीस युनिट देतात. पंप वर्षात शंभर दिवस चालला असे धरा. उरलेल्या दिवसांतले उन्हाचे दोनशे दिवस धरले तरी साडेतीन हजारांवर युनिट वीज वाया जाते, कारण पंपाला तार जोडलेली नाही. तारेपासून वावर लांब असेल तर दुसरी सोयही आहे. त्याच प्लेटांवर पिठाची गिरणी, कडबा कुट्टी, फवारणी पंपाची बॅटरी चालवणारा नियंत्रक मिळतो, केंद्राच्या नियमांत तो बसतोही. मग तो प्रत्येक पंपासोबत का देत नाहीत? ज्वारीचा कडबा कुट्टी करायला इंजिनात डिझेल घालायचे आणि बाजूला प्लेटा उन्हात रिकाम्या तापत ठेवायच्या, हे नियोजन उंटावरून शेळ्या हाकणाऱ्यांनाच सुचू शकते.

पऱ्हाटीचा भाव

ऊन सोडून आमच्याकडे दुसरे इंधन आहे, पऱ्हाटी. कपाशीच्या एका एकरात आठ-दहा क्विंटल पऱ्हाटी निघते. थोडी चुलीला लागते, बाकीची धुऱ्यावर पेटवतो. वाळलेल्या पऱ्हाटीची उष्णता आपल्याकडच्या राखेने भरलेल्या कोळशाच्या तोडीची असते. मुंबईच्या केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेने तिच्यापासून फळ्या, विटा आणि गोळ्या करायचे तंत्र कधीच बसवले आहे. २०२१ मध्ये केंद्राच्या ऊर्जा मंत्रालयाने औष्णिक केंद्रांना कोळशात पाच टक्क्यांपासून पुढे असे जैव इंधन मिसळायचे धोरण घालून दिले. म्हणजे गिऱ्हाईक तयार आहे आणि ते आमच्याच अंगणात, चंद्रपूर-कोराडीला, बसले आहे.

पण गोळ्या करणारा कारखाना गावात येऊन पऱ्हाटी नेतो ती बहुधा 'वावर साफ करून दिले' एवढ्या उपकारावर. आमचे म्हणणे सरळ आहे. कोळसा उष्णतेच्या हिशोबाने विकला जातो, पऱ्हाटीही तशीच विकत घ्या. रास्त भाव मिळाला तर शेतकरी फरदडीच्या मागे न लागता जानेवारीत वावर मोकळे करील. २०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने आपल्याला कसे नागवले ते आठवा. पऱ्हाटी वेळेवर उपटून हलवली की अळीचा मुक्काम मोडतो, हे कृषी विद्यापीठे ओरडून सांगतात. जे काम परिपत्रकाने झाले नाही ते पऱ्हाटीचा भाव करील. ज्याला पऱ्हाटीची कुट्टी करून वावरातच गाडायची आहे त्याने खुशाल गाडावी, जमिनीला ते चांगलेच. ज्वारीचा कडबा मात्र जनावराच्या तोंडचा आहे, तो कुणी बॉयलरात घालायची भाषा करू नये.

शहाण्यांचे आक्षेप

वीज कंपनीचे साहेब म्हणतील की दिवसाची सौर वीज आता मोठ्या प्रकल्पांतून अडीच-तीन रुपयांना मिळते, तुम्हाला पाच का द्यावेत? त्यांना विचारा, ती वीज राजस्थान-गुजरातच्या वाळवंटातून आमच्या गावच्या डीपीपर्यंत आणायला मनोरे, तारा, सबस्टेशन लागतात, वाटेत गळती होते, तो खर्च कुठे मांडला? आमची वीज जिथे पिकते तिथेच वापरली जाते. फिडरच्या शेवटच्या टोकाला दाब पडतो आणि मोटारी जळतात, तिथेच आमच्या प्लेटा असतील. दारातल्या मालाचा भाव आणि परमुलखातल्या मालाचा तिथल्या दारातला भाव यांची तुलना करणे ही हातचलाखी आहे. आणि तरीही पाच परवडत नसतील तर नका घेऊ. वाट सोडा, आम्ही जिनिंगवाल्याला विकू.

दुसरा आक्षेप आपल्यातूनच येतो. मोफत वीज मिळते आहे, मग ही कटकट कशाला? भावांनो, मोफत विजेची मुदत आहे, ती देणाऱ्याची मर्जी आहे, आणि दान मिळालेल्या गायीचे दात मोजता येत नाहीत. वीज रात्री येते, कमी दाबाने येते, डीपी जळाली की पंधरा-पंधरा दिवस येत नाही, तरी बोलायची सोय नाही, कारण फुकट आहे. जो विकतो आणि मोजून घेतो त्याला जाब विचारता येतो.

तिसरा आक्षेप, की शेतकरी प्लेटा लावून शेती सोडून देईल आणि देश उपाशी राहील. ज्यांना ही काळजी वाटते त्यांनी कापसाला आणि ज्वारीला असा भाव द्यावा की कोणाला शेती सोडावीशी वाटणार नाही. आम्ही सुपीक काळी जमीन झाकायला निघालेलो नाही. धुरे, मुरमाड कोपरे, गोठ्याची आणि घराची छपरे यांवरच पुष्कळ ऊन वाया जाते.

बैठकीपुढचे ठराव

बैठकीत चर्चा होऊन पुढील मागण्या एकमुखाने कराव्यात, अशी सूचना आहे.

एक. विहीर असो वा नसो, कोणत्याही शेतकऱ्याला आपल्या वावरातल्या किंवा छपरावरच्या प्लेटांची वीज जवळच्या तारेत सोडून विकण्याचा हक्क मिळावा. करार २५ वर्षांचा, भाव उत्पादन खर्च भरून निघेल असा, चुकारा दर महिन्याला, उशीर झाला तर व्याजासह.

दोन. शेतकरी, शेतकरी गट आणि कंपन्या यांनी जिनिंग, डाळ मिल, शीतगृह अशा जवळच्या ग्राहकाला थेट वीज विकली तर क्रॉस सबसिडी अधिभार पूर्ण माफ व्हावा.

तीन. ज्या प्रकल्पाला जमीन भाड्याने दिली आहे, तिथे भाड्याशिवाय विजेच्या विक्रीत मालकाला हिस्सा मिळावा. गायरान ग्रामसभेच्या मंजुरीशिवाय देऊ नये.

चार. प्रत्येक सौर पंपासोबत इतर यंत्रे चालवणारा नियंत्रक द्यावा. पंपाची ताकद एकरावर न ठरवता पाण्याच्या खोलीवर ठरवावी.

पाच. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्राने कुसुममधले शेतकऱ्यांचे वीज प्रकल्प कृषी पायाभूत निधीत बसवले. त्या निधीत दोन कोटींपर्यंतच्या कर्जावर तीन टक्के व्याज सवलत आहे. जिल्ह्यातल्या बँकांनी अशी किती कर्जे दिली, याची यादी जिल्हाधिकाऱ्यांनी जाहीर करावी.

सहा. वीज केंद्रांनी पऱ्हाटीच्या गोळ्या घेताना शेतकऱ्याला मिळणारा भाव कोळशाच्या उष्णतेशी बांधून जाहीर करावा.

बैठकीला येताना गावातल्या तीन गोष्टींची टिपणे घेऊन या. सबस्टेशनपासून गाव किती किलोमीटर, गावात कुणी जमीन भाड्याने दिली असेल तर कराराची नक्कल, आणि जवळच्या जिनिंगचे हंगामातले एक वीजबिल. कोणत्याही दलालाच्या कागदावर बैठकीआधी सही करू नका. घाई त्याला आहे, आपल्याला नाही. ऊन उद्याही पडणार आहे.

आपली जुनी घोषणा आहे, भीक नको, हवे घामाचे दाम. कापसाच्या वेळी ती दिली, कांद्याच्या वेळी दिली. आता वावरातल्या उन्हासाठीही तीच द्यायची आहे. सबसिडीची प्लेट कुणी फुकट दिली म्हणून हुरळून जाऊ नका आणि कुणी भाडे दिले म्हणून धन्य मानू नका. पीक आमच्या वावरात येते, ते आम्ही विकू, आणि ज्याला हवे त्याने ते भावाने घ्यावे.